खोक्यावरचा आकडा आणि फऱ्याचं हाड: ४४ मॅग्नमने हरणाच्या शिकारीसाठी गोळी निवडताना काय चुकलं

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे, ओहायो राज्यातलं, लायसन्स आणि डिअर परमिट काढून सीझनमध्ये केलेल्या शिकारीचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चितळ, सांबर, काळवीट कशालाच हात लावता येत नाही आणि तेच बरोबर आहे, त्यामुळे गावाकडच्या कुणी हे वाचून भलतं काही डोक्यात घेऊ नये. इकडे व्हाईटटेल हरणं इतकी आहेत की रात्री गाड्यांसमोर येतात, मका आणि सोयाबीन खाऊन जातात, आणि कुठल्या काउंटीत एका माणसाने किती मारायची हे राज्य सरकारच ठरवून देतं.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. एच-वनवर होतो तोवर बंदुकीच्या वाटेलाच गेलो नाही, ग्रीन कार्ड आल्यावर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि तीन सीझन शॉटगनने स्लग, म्हणजे एकच जड गोळी, मारून शिकार केली. ज्यांच्या शेतात मी बसतो ते म्हातारे शेतकरी, मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणतो, गेली कित्येक वर्षं रिव्हॉल्व्हरनेच हरीण मारतात. त्यांचं बघून मलाही वाटायला लागलं की हे आपण शिकायला पाहिजे, कारण हँडगनने मारायचं म्हणजे जनावर जवळ येईपर्यंत गप बसायला लागतं, वारा बघायला लागतो, दोनशे यार्डावरनं बार काढून मोकळं होता येत नाही. ओहायोत हँडगनला बॅरल किमान ५ इंच आणि काडतूस सरळ नळीचं, .३५७ किंवा त्याहून मोठं लागतं. मी रुगर कंपनीची सुपर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर घेतली, ४४ मॅग्नम या मोठ्या, जोरदार काडतुसाची, साडेसात इंची बॅरल, साधी लोखंडी साइट, स्कोप नाही.

आता मूळ प्रकरण.

ऑक्टोबरभर मी दर शनिवारी रेंजवर जायचो आणि २४० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साध्या सॉफ्ट पॉइंट, म्हणजे उघड्या शिशाच्या शेंड्याच्या, गोळ्यांनी सराव करायचो, पन्नासच्या खोक्यात स्वस्त मिळायच्या म्हणून. साइट त्यांच्यावरच जुळवली. आणि प्रत्यक्ष शिकारीसाठी म्हणून सीझनच्या आदल्या आठवड्यात एक वीस गोळ्यांचं महागाचं खोकं आणलं, १८० ग्रेन, हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ तोंडाची. का, तर खोक्याच्या बाजूला जो तक्ता छापलेला असतो त्यावर या हलक्या गोळीचा वेग १६०० फूट पर सेकंद आणि एनर्जी हजार फूट-पाउंडच्या वर, आणि माझ्या सरावाच्या गोळीचा वेग साडेबाराशेच्या आतबाहेर आणि एनर्जी आठशे. मी म्हणलं हजार मोठे की आठशे, विषय संपला. त्या वीसातल्या सहा गोळ्या सात यार्डावर उडवून बघितल्या, कागदाला बरोबर लागल्या, तेवढ्यावर समाधान मानलं.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी गन सीझन उघडतो. मंगळवारी संध्याकाळी, उजेड अजून चांगला होता, ओढ्याच्या कडेने एक मोठी मादी आली. मी मचाणावर, ती साधारण ३५ यार्डावर, पण सरळ आडवी नाही, माझ्याकडे तोंड करून तिरकी. म्हणजे फुप्फुसाकडे जायचा रस्ता पुढच्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, हाडातून. मी थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही, खांदा आणि मानेच्या मधल्या खळग्यावर साइट धरली आणि चाप ओढला. ती कमानीसारखी वाकली आणि पळाली, पुढचा एक पाय लोंबत होता, ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

अर्धा तास थांबून खाली उतरलो. जिथे उभी होती तिथे केस पडलेले, पांढऱ्या हाडाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, आणि रक्त किती तर पानावर सात-आठ थेंब. पुढे दीडशे यार्ड कसाबसा माग लागला, दोन पावलांवर एक थेंब, मग पाच पावलांवर एक, आणि ओढ्याला आल्यावर काहीच नाही. अंधार पडला. आजोबांना फोन केला, ते टॉर्च घेऊन आले, ओढ्याच्या दोन्ही काठांनी फिरलो, शेवटी ते म्हणाले आता मागे फिर, ढोसत राहिलास तर ती आणखी लांब जाईल. रात्रभर झोप नाही. सकाळी शेजारच्या मालकाची परवानगी घेऊन त्याच्या रानात शिरलो तर सहाशे यार्डावर एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला सापडली. मागचा भाग कोयोटांनी, म्हणजे इकडच्या कोल्ह्यांनी, खाल्लेला. मटण गेलं ते गेलंच, पण त्या जनावराने रात्रीतला किती वेळ तसा काढला असेल हे मला आजही सुटत नाही.

आजोबा मला एक शब्द बोलले नाहीत. गुडघ्यावर बसले, सुरी काढली आणि फरा सोलून मला म्हणाले, नीट बघ. हे मी सविस्तर सांगतो कारण सगळं उत्तर तिथेच होतं. गोळी मी जिथे नेम धरला होता त्याच्या तीनेक इंच खाली लागली होती, बरोबर हाडाच्या सांध्यावर. कातडीखाली तळहाताएवढ्या भागात मांसाचा नुसता काळपट लगदा झालेला. हाड फुटलेलं. आणि त्या फुटलेल्या हाडाच्या मागेच, बरगडीला टेकून, गोळीचं तांब्याचं जॅकेट पडलेलं, उमललेल्या फुलासारखं मागे वळलेलं आणि आतनं रिकामं. आतलं शिसं सुटून तुकडे झाले होते आणि त्यातला एक वाटाण्याएवढा तुकडा बरगडीतून आत जाऊन एकाच फुप्फुसाच्या टोकाला लागला होता, बस. दुसऱ्या बाजूला भोक नाही. आणि जे एक भोक होतं ते वरच्या बाजूचं, त्यावर चरबी आणि केस सरकून ते बुजलं, म्हणून रक्त बाहेर आलंच नाही, आतल्या आत साठलं.

म्हणजे चुका तीन होत्या आणि त्या एकमेकीत अडकलेल्या होत्या. तिरक्या जनावरावर बार टाकला ही माझी घाई. बाकीच्या दोन गोळीच्या.

पहिली, गोळी खाली का लागली. हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी गोळी साधारणपणे खाली लागते आणि जड गोळी वर. माणसाला उलटं वाटतं, जड म्हणजे खाली पडणार. पण बार झाल्याक्षणीच धक्क्याने नळी वर उचलायला लागते, हलकी वेगवान गोळी नळी फारशी उचलायच्या आत बाहेर पडते, जड गोळी जास्त वेळ नळीत असते आणि धक्काही तिचा जास्त, म्हणून ती वरच्या रोखाने सुटते. नंतर मी रेंजवर २५ यार्डावर एकाच कागदावर दोन्ही मारून बघितल्या, एकच नेम, एकच हात, १८० वाल्या २४० वाल्यांच्या तीन इंच खाली. सात यार्डावर हा फरक दिसतच नाही. ज्या गोळीने शिकार करायची तिनेच साइट जुळवायची, आणि ज्या अंतरावर मारायचं त्या अंतरावर, हे सांगायला कुणी लागत नाही असं सगळ्यांना वाटतं आणि म्हणूनच कुणी सांगत नाही.

दुसरी, गोळी आत का गेली नाही. इथे तो खोक्यावरचा आकडा येतो. एनर्जी काढताना वेगाचा वर्ग करतात, म्हणजे वेग थोडा वाढवला की आकडा भराभर फुगतो, वजन कमी केलेलं लपून जातं. रायफलला ते चालतं, ३०-०६ ची गोळी २७००-२८०० फुटांच्या वेगाने जाते, तेवढ्या वेगाला आजूबाजूचं मांस इतक्या जोरात ताणलं जातं की तेसुद्धा फाटतं. हँडगनच्या वेगाला तसं होत नाही. १३०० काय आणि १६०० काय, मांस ताणलं जातं आणि परत जागेवर येतं. गोळी ज्याला प्रत्यक्ष चिरडत जाते तेवढीच जखम. त्यामुळे हँडगनच्या गोळीचं काम एकच, सरळ, खोल भोक पाडणं, जमल्यास आरपार. आणि खोल जायचं तर वजन पाहिजे. ४४ मध्ये सगळ्या गोळ्यांची जाडी एकच, .४२९ इंच, त्यामुळे वजन वाढलं की लांबी वाढते आणि त्या जाडीच्या मागे रेटा वाढतो. याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात: १८० ग्रेनला ती .१४० येते, २४० ला .१८६, ३०० ला .२३३. त्यात माझी गोळी पातळ जॅकेटची आणि तोंड भलं मोठं पोकळ, लगेच उमलण्यासाठीच बनवलेली. उमलली की पुढचा भाग दुप्पट रुंद, वजन आधीच कमी, आणि समोर हाड. ब्रेक लागल्यासारखी थांबली. कंपनीला मी दोष देत नाही, आडव्या उभ्या हरणाच्या बरगड्यांतून तीच गोळी कदाचित नीट गेली असती, पण शिकारीत जनावर कसं उभं राहील हे आपल्या हातात नसतं.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात मी आणि आजोबांनी मिळून गोळी निवडली. पद्धत साधी. दुधाचे एक गॅलनचे प्लास्टिकचे कॅन पाण्याने भरून टेकडीच्या उतारासमोर एका रांगेत ठेवायचे, पुढे एक इंच जाड फळी, हाड म्हणून. फळी म्हणजे हाड नव्हे आणि पाणी म्हणजे मांस नव्हे, हे मान्य, पण सगळ्या गोळ्यांना तीच परीक्षा दिली की आपापसातला फरक कळतो. १८० वाली फळी फोडून दुसऱ्या कॅनमध्ये तुकडे होऊन सापडली, हरणात झालं अगदी तसंच. सरावाची साधी २४० सॉफ्ट पॉइंट चौथ्या कॅनपर्यंत गेली पण जॅकेट आणि शिसं वेगळं झालं. हॉर्नाडी कंपनीची २४० ग्रेन एक्सटीपी, ही पण हॉलो पॉइंटच, पाचव्या कॅनमध्ये, अख्खी, पुढून बोथट छत्रीसारखी झालेली, जॅकेट शिशाला घट्ट धरून. तीच कंपनी, तीच एक्सटीपी, ३०० ग्रेनची, सहावा कॅन फोडून सातव्यात. आणि आजोबांनी स्वतः भरलेली २५० ग्रेनची कडक शिशाची ओतीव गोळी, तिला आम्ही मोजलीच नाही, कारण ती सगळे आठ कॅन फोडून मागच्या मातीत गेली, उकरून काढली तर शेंड्याला ओरखडे सोडले तर पुन्हा भरून मारता येईल अशी दिसत होती.

ही ओतीव गोळी म्हणजे आजोबांची श्रद्धाच आहे. तिचा आकार एल्मर कीथ या माणसाचा, आयडाहोचा रँचवाला आणि लिहिणारा, त्याने १९२० च्या दशकात ४४ स्पेशल या ४४ मॅग्नमच्या आधीच्या काडतुसासाठी हा सपाट नाकाचा, पुढे कडा असलेला आकार ठरवला आणि जड गोळी जोरात मारायचा हट्ट वर्षानुवर्षं धरला, १९५५ मध्ये ४४ मॅग्नम निघाली त्यामागे त्याचाही रेटा होता. नाक सपाट असणं महत्त्वाचं आहे. गोल नाकाची गोळी मांसाला बाजूला सारत जाते आणि मागे भोक मिटल्यासारखं होतं, सपाट नाक कापत जातं. आजोबांचं म्हणणं असं की उमलणारी गोळी उमलली तर चांगली आणि नाही उमलली तर नुसती गोळी, ओतीव गोळीला असं जर-तर काही नाही, दोन भोकं हमखास, आणि भोकाच्या कडेपर्यंतचं मटण खाता येतं. यात खोट काहीच नाही. पण मी त्यांच्या दोन शिकारी बघितल्या आहेत, त्या गोळीने फुप्फुसातून गेल्यावरही हरीण शंभर-सव्वाशे यार्ड पळतं. त्यांना माग काढता येतो, डोळे तसे आहेत त्यांचे. मला अजून तेवढा येत नाही, म्हणून मला भोक थोडं मोठं हवं होतं आणि तरीही आरपार.

मग ३०० ग्रेन का नाही? कागदावर तीच घ्यायला हवी होती. ५० यार्डावर टेकण लावून प्रत्येकीच्या सहा-सहा गोळ्या मारल्या, माझा नियम असा ठरवला की सहाही गोळ्या सहा इंची वर्तुळात बसल्या पाहिजेत, हरणाचं फुप्फुस-काळीज आठेक इंचात येतं, दोन इंच मी माझ्या धडधडीला ठेवले. २४० एक्सटीपी साडेचार इंचात. ३०० वाल्या नऊ इंचात, आणि वर खाली वेड्यावाकड्या. आजोबा म्हणाले दे इकडे, आणि पाठ करून सिलिंडर भरून मला परत दिली. तिसऱ्या बाराला चाप ओढला आणि बार झालाच नाही, त्यांनी मधे एक रिकामं वापरलेलं काडतूस घातलं होतं, पण नळी मात्र चार बोटं खाली झुकली. धक्क्याच्या भीतीने माझा हात बार व्हायच्या आधीच खाली ढकलत होता. २४० ला हेच केलं तेव्हा नळी जरा हलली, पण जागेवर होती. गोळी कितीही खोल जाणारी असली आणि ती पोटात लागली तर काय करायचंय खोल जाऊन. ३०० चा विषय माझ्यापुरता तिथे संपला, ज्याचा हात तिला सोसतो त्याने ती जरूर घ्यावी, डुकराला किंवा एल्कसारख्या मोठ्या हरणाला तर नक्कीच.

जड गोळीची आणखी एक भानगड हलक्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये होते, ती माझ्या बंदुकीत झाली नाही पण सांगून ठेवतो. बाराच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या उरलेल्या काडतुसांतली गोळी हळूहळू नळकांडीतून पुढे सरकते, काडतुसाचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट दाबलेलं नसेल तर. पुरेशी पुढे आली की सिलिंडर फिरतच नाही आणि बंदूक तिथेच अडकते. पाच मारा, सहावी काढून मापा, भरण्याआधीपेक्षा लांब झाली असेल तर ते काडतूस तुमच्या बंदुकीला नको. आणि टेकणावर मारताना सिलिंडर आणि बॅरलच्या फटीजवळ बोट नको, माझ्या वाळूच्या पिशवीचं चामडं त्या फटीतल्या गॅसने सुरीने कापल्यासारखं चिरलंय. कानाला प्लग आणि वर मफ, दोन्ही. मचाणावरसुद्धा.

तांब्याच्या गोळीचाही विचार केला होता, बार्न्स कंपनीची २२५ ग्रेन एक्सपीबी, शिसं अजिबात नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथल्या काँडोर गिधाडांना मेलेल्या जनावरांतून शिशाची विषबाधा होते म्हणून. घरी मटण मुलंही खातात, त्यामुळे हा मुद्दा मला पटतो. माझ्या बंदुकीत ती पाच इंचात बसली, म्हणजे नापास नाही, पण त्या वर्षी दुकानात दोनच खोकी मिळाली आणि सरावाला पुरली नसती, आणि सराव वेगळ्या गोळीने करायचा नाही हे तर मी शिकलोच होतो. तांब्याची गोळी पुरेशी मिळेपर्यंत जखमेच्या भोवती तळहातभर मांस कापून टाकून देतो, हात आखडता घेत नाही.

ठरली ती २४० एक्सटीपी, साइट ५० यार्डाला जुळवलेली. तशी जुळवली की १०० यार्डावर गोळी पाचेक इंच खाली जाते, त्यामुळे ५० च्या पुढे मी मारत नाही, कितीही मोठा नर असो. ऑफिसातल्या एका मराठी मित्राने विचारलं ३५७ मॅग्नम हे लहान काडतूस चालेल का, कायद्याने चालते, १५८ किंवा १८० ग्रेनची जाड जॅकेटची गोळी घेऊन तीसेक यार्डाच्या आत आडव्या हरणावर लोक मारतात, पण चूक पोटात घालायला तिथे जागा फार कमी आहे, नवशिक्याला मी सांगणार नाही.

पुढच्या सीझनला पहिल्याच दिवशी सकाळी एक मादी आणि तिच्यामागे एक तरुण नर आला. नर तिरका उभा, माझ्याकडे तोंड करून, २८ यार्डावर, गेल्या वर्षीचीच जागा म्हणा ना. हॅमर ओढून मी नुसता बसून राहिलो, हात कापायला लागला म्हणून हॅमर अंगठ्याने धरून हळूच खाली सोडला, पुन्हा श्वास घेतला. पाच-सहा मिनिटांनी तो पाने हुंगत फिरला आणि आडवा झाला, पुढचा पाय एक पाऊल पुढे. फऱ्याच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. बार झाला, तो उडी मारून झाडीत शिरला, आणि काही क्षणांनी पाचोळ्यात धप्प आवाज आला.

उभा होता तिथून दुसऱ्याच पावलाला रक्त, फेसाळ, गुलाबी, फुप्फुसाचं, दवाने पांढऱ्या पडलेल्या पानांवर दोन्ही बाजूंना. माग काढायची गरजच नव्हती, चालत गेलो. बेचाळीस पावलं. आत जायचं भोक बोटाएवढं, बाहेर पडायचं आठ आण्याच्या जुन्या नाण्यापेक्षा मोठं, गोळी पलीकडच्या मातीत कुठे गेली ती सापडली नाही. आजोबा आले, दोन्ही भोकांत बोट घालून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले माझ्या गोळीने मटण आणखी थोडं वाचलं असतं. गेम चेक, म्हणजे शिकारीची सरकारकडे नोंद, ऑनलाइन केला, दुपारी सोलून फरे टांगले, यावेळी दोन्ही फरे शाबूत होते.

त्याच लॉट नंबरची सहा खोकी मी त्या आठवड्यात घेऊन ठेवली.